बातमीतला माणूस आणि दारातला माणूस

(वर्षावासानिमित्त संस्थेच्या सभागृहात, भुसावळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय मी निवडलेला नाही. अभ्यासिकेतल्या मुलांनी चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून दिले होते. त्यांतली एक चिठ्ठी कार्यवाहांनी माझ्या हातात ठेवली. तीवर लिहिले होते, 'पेपरात वाचलेल्या बातमीवरून अनोळखी माणसाबद्दल मत बनवणे न्याय्य आहे का?' चिठ्ठी कोणाची ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. पण ती माझ्याकडेच का आली याचा अंदाज आहे. मी ३४ वर्षे रेल्वेत टीसी होतो. अनोळखी माणसाकडे नजर टाकायची आणि तो कसा आहे हे ठरवायचे, याचाच मी पगार घेतला, असा मुलांचा समज असावा.

तो समज अगदीच खोटा नाही. १९८१ साली मी नोकरीला लागलो तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, 'तिकीट नंतर बघ, आधी चेहरा वाचायला शीक.' मी शिकलो. सुरत लाइनीवरच्या पॅसेंजरमध्ये जनरल डब्यात शिरलो की माझे पाय आपोआप दाराजवळ गाठोडी घेऊन बसलेल्या माणसांकडे वळत. पागोटे, मळका सदरा, काखेत झोळी, भोवती चार पोरे. खिडकीजवळ सफारी घालून पेपर वाचणाऱ्याला मी बहुधा ओलांडून जात असे. का? तर रोजच्या पेपरात 'फिरस्त्यांची टोळी जेरबंद', 'पाकीटमार टोळीचा पर्दाफाश' असे मथळे असत आणि त्या मथळ्यांखालचे चेहरे मला या माणसांसारखे वाटत.

एकदा नरडाण्याच्या पुढे एका म्हातारीला मी असेच हटकले. बरोबर सहा जण होते. तिने पदराची गाठ सोडली, आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद आणि त्या कागदात जपून घडी घातलेली तिकिटे. तान्ह्या पोराला तिकीट लागत नाही, पण दुसऱ्या लहानग्याचे अर्धे तिकीटसुद्धा होते. भले भले लोक ते काढत नाहीत. बाई रागावली नाही, की काही बोलली नाही. टीसीचा पहिला हात आपल्यापुढेच येणार, हे तिला माहीत होते, म्हणून तिकिटे इतकी जपलेली होती. तुम्ही आता विचाराल, त्या डब्यात दुसरे कोणी विनातिकीट होते का? मला सांगता येणार नाही. इतरांना मी विचारलेच नव्हते.

मित्रहो, या शेवटच्या वाक्यात माझ्या त्या काळच्या शहाणपणाचे सगळे इंगित आहे. महिन्याच्या अखेरीस मी केलेल्या केसेस पाहिल्या, तर त्यांत गाठोडेवालेच जास्त निघत. ते पाहून माझी खात्री आणखी पक्की होई की, बघा, हीच माणसे विनातिकीट फिरतात. ज्यांना विचारले त्यांच्यातलेच सापडणार आणि जे सापडले त्यांनाच पुन्हा विचारले जाणार. हे चक्र माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे गेली. आणि ते फक्त रेल्वेच्या डब्यातच फिरते असे नाही.

आपण केळीच्या मुलखातली माणसे. रावेर-सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीला जातात हे तुम्हाला ठाऊक आहे. माल भरताना डागी, बारीक, नाकारलेली केळी बाजूला निघतात. त्यांना आपल्याकडे वापसी म्हणतात. आता समजा, दिल्लीच्या एखाद्या माणसाला आपण जन्मभर फक्त वापसीच दाखवली, तर तो खानदेशाच्या केळीबद्दल काय मत करील? वर्तमानपत्राचा दोष आहे असे मी म्हणत नाही. जे रोजच्यासारखे घडले नाही तेच छापणे हे त्यांचे कामच आहे. भुसावळच्या फलाटावर हजारो माणसे उतरली आणि आपापल्या पिशव्या घेऊन घरी गेली, अशी बातमी कोणी छापणार नाही, आणि छापली तर कोणी वाचणार नाही. एकाची पिशवी गेली, ती छापून येते. चूक छापण्यात नाही. फलाटावर उतरणारा पुढचा अनोळखी माणूस आपण त्या बातमीतून पाहायला लागतो, तिथे चूक सुरू होते.

आता मी माझ्या खऱ्या विषयाकडे येतो, आणि त्याआधी एक कबुली देतो.

२०१८ सालच्या जून महिन्यात खानदेशभर मोबाइलवर एक निरोप फिरत होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, वेश बदलून भीक मागत फिरते, मुलांना सांभाळा, पुढे पाठवा. बरोबर एक चित्रफीतही फिरत होती. मोटारसायकलवरची दोन माणसे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, अशी. ती चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबाबत जागृतीसाठी तयार केली होती. मूळ फितीत शेवटी ती माणसे मूल परत आणून देतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा आपल्या देशात सोडून दिला. हे सगळे मला नंतर कळले. जूनमध्ये मात्र मी तो निरोप वाचला, शेजारच्या नातवंडांचे चेहरे डोळ्यांपुढे आले आणि मी तो आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पुढे पाठवला. खाली आपल्या हाताने लिहिले, 'सर्वांनी काळजी घ्यावी.' मी काही वाईट हेतूने पाठवला नव्हता. पाठवणाऱ्यांत कोणाचाच हेतू वाईट नसावा.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. भुसावळपासून सुमारे दोनशे किलोमीटर. रविवार हा तिथला आठवडे बाजाराचा दिवस. त्या दिवशी पाच माणसे तिथे आली. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा परिसरातली ही माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षुकीवर गुजराण करणारी, घरदार सोडून मुलूखभर फिरणारी. बाजारात त्यांच्यापैकी कोणी एका लहान मुलीशी बोलले, असा बोभाटा झाला. बस. गर्दी जमली, मारहाण सुरू झाली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले आणि तिथे दारे-खिडक्या फोडून त्यांना ठार मारण्यात आले. पाचही जण गेले. सोडवायला आलेल्या पोलिसांनाही मार बसला.

त्या माणसांची नावे मी घेत नाही, त्यांची घरे अजून त्या दुःखात आहेत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या गर्दीतल्या एकाचेही त्या पाचांशी वैर नव्हते. एकमेकांना त्यांनी पूर्वी पाहिलेले नव्हते. हे पाच जण गावात येण्याआधीच गावाला 'माहीत' होते. अनोळखी, भाषेचा हेल वेगळा, अंगावर फिरस्त्याचे कपडे. वर्णन जुळले.

या घटनेनंतर बहुतेकांनी एकच गोष्ट सांगितली. अफवांवर विश्वास ठेवू नका, निरोप खरा आहे का ते तपासा. ते बरोबरच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी झुंडीच्या हिंसेबाबत निर्देश दिले, प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी यासाठी नेमायला सांगितले. मोबाइलच्या कंपनीने एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी निरोप पुढे पाठवता येणार नाही अशी सोय केली. हेही योग्यच. पण माझ्या मनाचे समाधान यातून होत नाही, आणि का होत नाही ते मला तुम्हा विद्यार्थ्यांपुढे मांडायचे आहे.

समजा, तो निरोप खरा असता. समजा, त्या जूनमध्ये खरोखरच एक टोळी खानदेशात फिरत असती आणि तिची बातमी पेपरात पहिल्या पानावर, पोलिसांच्या हवाल्याने, अगदी तंतोतंत छापून आली असती. मग राईनपाड्यातल्या त्या पाच माणसांचा अपराध सिद्ध झाला असता काय? तेव्हाही ते पाच जण तितकेच निरपराध असते. म्हणजे बातमी खोटी होती हे दुर्दैव असेल, पण मूळ अन्याय त्यात नाही. बातमी कोणाबद्दल तरी होती आणि शिक्षा समोर आलेल्याला झाली, हा अन्याय आहे. बातमी खरी करून तो दूर होत नाही.

या विचाराला आधार हवा असेल तर आपल्याला फार दूर जावे लागत नाही. 'उदाना'मध्ये सुंदरी परिव्राजिकेची कथा आहे. अंगुलिमालाची कथा आपण लहान मुलांनाही सांगतो, ही मात्र फारशी सांगत नाही. सावत्थीत तथागतांचा आणि भिक्खुसंघाचा मान वाढत होता, तो दुसऱ्या पंथाच्या परिव्राजकांना पाहवेना. त्यांनी आपल्याच पंथातल्या सुंदरी नावाच्या परिव्राजिकेला जेतवनात वारंवार जायला सांगितले. लोकांनी तिला जाता-येता पाहिले. मग तिला मारून जेतवनातच एका चरात पुरले. राजा पसेनदीकडे जाऊन, सुंदरी दिसत नाही, आम्हाला जेतवनाचा संशय आहे, असे सांगितले. राजाने शोधायला परवानगी दिली. त्यांनीच पुरलेले प्रेत त्यांनीच उकरले, खाटेवर घातले आणि गल्लोगल्ली फिरवून ओरडले, बघा या शाक्यपुत्रांची करणी! दुसऱ्या दिवसापासून भिक्खू भिक्षेला निघाले की लोक त्यांना नको नको ते बोलू लागले.

आता सावत्थीचे लोक काही मूर्ख नव्हते. प्रेत खरे होते. ते जेतवनातच सापडले होते. सुंदरी तिथे जात होती हे पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले होते. बातमीतला एकेक तपशील तपासला असता तर खरा ठरला असता. तरीही चीवर घातलेला जो कोणी रस्त्याने आला, त्याला त्यांनी खुनी ठरवले. त्याच सकाळी दुसऱ्या गावाहून आलेल्या भिक्खूलाही कोणी सोडले नसणार. तथागतांनी भिक्खूंना सांगितले की हा गलबला सात दिवस चालेल, मग ओसरेल. आणि तो ओसरला. अट्ठकथेत पुढे असे आहे की ज्यांनी पैसे घेऊन खून केला होता ते दारू पिऊन आपसांत भांडले आणि राजाच्या माणसांच्या हाती लागले.

सावत्थीत सात दिवस मिळाले. राईनपाड्यात सात मिनिटेही मिळाली नाहीत.

आणि महाड? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले हे इथल्या शिशुवर्गातल्या मुलालाही सांगता येईल. पण त्यानंतर काही वेळातच काय झाले? गावात अफवा उठवली गेली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. तसा कोणाचा बेत नव्हता. लोक मंडपात जेवत होते, काही गावात सामान घेत होते, काही परतीच्या वाटेला लागले होते. काठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून गेला. वाटेत दोघे-चौघे सापडले त्यांनाही झोडपले. आपल्या आजोबा-पणजोबांचे चेहरेही त्या दिवशी कोणीतरी अफवेतून वाचले होते. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हाही सुरुवातीच्या बातम्यांतून त्या माउलीच्या चारित्र्याबद्दलच बोलले गेले. आपला संताप झाला, तो व्हायलाच हवा होता. माझा प्रश्न एवढाच आहे की, ज्या समाजाने हे भोगले त्या समाजातला, वाचता-लिहिता येणारा, निवृत्तिवेतन घेणारा मी, जून २०१८ मध्ये भिकाऱ्याच्या वेशातल्या माणसांबद्दलचा निरोप पुढे पाठवतो, हे कसे झाले? कालामसुत्त मला तोंडपाठ आहे. ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका, हे मी दुसऱ्यांच्या देवांबद्दल आणि पोथ्यांबद्दल शंभर वेळा सांगितले असेल. खिशातल्या मोबाइलला ते लावायचे माझ्या ध्यानातच आले नाही.

एक उत्तर असे की भटक्यांबद्दलचा संशय आपण नव्याने शिकत नाही, तो तयारच मिळतो. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. मूल जन्मले की गुन्हेगार. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती, तिथे अशा माणसांना डांबून ठेवले जाई आणि हजेरी घेतली जाई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. त्या यादीत कोण होते आणि कोण नव्हते हे आपल्यापैकी कितींना ठाऊक आहे? झोळी दिसली की सगळे एकच. कायदा रद्द झाला, पण मथळ्यातली 'टोळी' तशीच राहिली.

इथे मी तुम्हाला एक खटला सांगतो. नीट ऐका, विशेषतः ज्यांना वकिलीकडे जायचे आहे त्यांनी. २००३ साली आपल्या राज्यात एका गरीब कुटुंबावर अतिशय भयंकर हल्ला झाला, खून आणि बलात्कार झाले. बातमी खरी होती, कोणाही माणसाचे रक्त उसळावे अशी होती. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशीच दिली. पुढे त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार केला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. सोळा वर्षांनी. निकालात आले की, हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने सुरुवातीला पोलिसांकडच्या छायाचित्रांवरून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते आणि त्यांचा पाठपुरावाच झाला नाही. न्यायालयाने हेही लिहिले की आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या खालच्या थरातले गरीब मजूर आहेत, त्यांना खोटे गुंतवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. त्यांच्यापैकी एक जण घटनेच्या वेळी अज्ञान होता, हेही अटकेनंतर कैक वर्षांनी सिद्ध झाले.

या सभागृहात हा खटला किती जणांना माहीत होता, हात वर करा. दोन. तिसरा हात अर्धाच वर आहे, तो मी मोजत नाही. असे गुन्हे घडतात तेव्हा अटकेच्या बातम्या आपण चहा पिता पिता वाचतो आणि मनातल्या मनात फाशी देऊन मोकळे होतो. न्यायालये, वकील, साक्षीपुरावे असूनही जिथे इतकी चूक होऊ शकते, तिथे माझ्या-तुमच्या चहाच्या कपाजवळच्या निकालाची काय प्रतिष्ठा?

आता तुमच्या मनातला प्रश्न मी ओळखतो, कारण आमच्या घरातही तो विचारला गेला. माझ्या सुनेने विचारला. ती म्हणाली, 'बाबा, मग सावधच राहायचे नाही का? रात्री अकराच्या गाडीने मी एकटी उतरते. स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला मी आधी सज्जन समजायचे का?' तिचे म्हणणे बरोबर आहे. स्त्रीला, लहान मुलाला, एकट्या म्हाताऱ्याला सावध राहण्याचा हक्क आहे आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागायचे कारण नाही. मी तिला माझ्या नोकरीच्याच भाषेत उत्तर दिले. डब्यातल्या प्रत्येकाचे तिकीट तपासले तर ती तपासणी. गाठोडेवाल्याचेच तपासले तर तो निकाल, तिकीट पाहण्याआधीच दिलेला. दाराला कडी लावायची तर ती सगळ्यांसाठी लावा. रात्री अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचे नाही तर चांगल्या कपड्यांच्या माणसाच्याही गाडीत बसायचे नाही. मुलांना सांगायचे की अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका, तर हेही सांगायचे की ओळखीच्या माणसाने काही गैर केले तर लपवू नका, कारण मुलांना त्रास देणारा पुष्कळदा घरातला किंवा शेजारचाच असतो आणि त्याच्याबद्दल निरोप फिरत नाहीत. ती म्हणाली, 'हे बोलायला ठीक आहे, अंधारात इतका विचार होत नाही.' मी तिला यापुढे उत्तर देऊ शकलो नाही. अंधारात होत नाही, हे खरेच आहे. उजेडात, भर बाजारात, दिवसा तरी व्हावा, एवढेच मला म्हणता येते. राईनपाड्यात दिवस होता.

आणि भर गर्दीत तो होऊ शकतो, हेही त्याच १ जुलैला दिसले. त्याच दिवशी रात्री मालेगावात भिक्षेवर जगणारे एक परगावचे कुटुंब जमावाच्या तावडीत सापडले. त्यांच्यात दोन वर्षांचे मूल होते. तेच निरोप, तोच संशय, जमाव हजाराच्या घरात. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि पोलीस येईपर्यंत दार धरून ठेवले. पुढे पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. ती सगळी माणसे वाचली. आता मला सांगा, मालेगाव म्हटले की तुमच्या-माझ्या मनात आधी काय येते? स्फोट आणि दंगली. भुसावळहून नाशिककडे जाताना तिथे चहाला थांबू नका, असे मला एका शिकलेल्या माणसाने सांगितलेले आहे. बातम्यांवरून ज्या गावाला आपण धोक्याचे म्हणून ओळखतो, त्या गावातल्या एका साध्या माणसाने त्या रात्री ते केले, जे करायला मी तरी धजलो असतो की नाही, सांगता येत नाही.

आपल्या भुसावळचेच घ्या. ६ ऑक्टोबर २०१९ रोजी या शहरात एका घरावर गोळीबार होऊन पाच जण गेले. बातमी खरी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. आपल्यापैकी अनेकांना त्या घरचे दुःख जवळून माहीत आहे. त्याच सुमारास माझा पुतण्या पुण्यात खोली शोधत होता. घरमालकाने गाव विचारले. 'भुसावळ' म्हटल्यावर तो हसून म्हणाला, 'म्हणजे बंदुकीचे गाव!' खोली मिळाली नाही. गाव ऐकून नाकारली की पुढच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून, हे पुतण्या नक्की सांगू शकत नाही. गावानंतर आडनाव विचारले जाते, तो प्रश्न आपल्याला पिढ्यान् पिढ्या पाठ आहे. पण त्या दिवशी तो चिडून मला म्हणाला, 'काका, मी कधी बंदूक पाहिलीही नाही.' मी काय म्हणणार? त्या डब्यातल्या म्हातारीनेही कधी विनातिकीट प्रवास केला नसेल.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. साक्रीकडचा एक विद्यार्थी मध्यंतरी इथे शिकायला होता. गाव विचारले की म्हणायचा, 'पिंपळनेरजवळ.' गावाचे नाव सांगायचा नाही. एकदा मी सहज खोदून विचारले तर म्हणाला, 'नाव सांगितले की लोक माझ्या हातांकडे पाहतात.' घटना घडली तेव्हा तो शाळकरी मुलगा होता, तिथे नव्हताही. त्या वेळी धरपकडीच्या भीतीने गावेच्या गावे सुनी पडल्याच्या बातम्या होत्या, त्या आपण वाचल्या. अपराध केला त्यांना कायद्याने शिक्षा व्हावी, त्यात दुमत नाही. पण त्या मुलाने हे सांगितले तेव्हा माझीही नजर क्षणभर त्याच्या हातांकडे गेली होती. ती त्याने पाहिली. हे लिहून काढताना वगळावे असे वाटले होते, पण तसे केले असते तर चिठ्ठी लिहिणाऱ्याला मी खोटे उत्तर दिल्यासारखे झाले असते.

मी पाठवलेल्या त्या निरोपाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. ३ जुलैला मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिले की जूनमध्ये मी पाठवलेला निरोप खोटा होता, तो पुढे पाठवला असेल तर त्या त्या ठिकाणी तसे कळवा, रविवारी पाच माणसांचा जीव गेला आहे. ग्रुपवर साठ-बासष्ट माणसे. दोघांनी हात जोडल्याचे चित्र पाठवले. एकाने लिहिले, 'काका, सावध राहिलेले बरेच असते.' बाकी कोणी काही लिहिले नाही. संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या आणि माझा मजकूर वर सरकून दिसेनासा झाला.

त्या ग्रुपमध्ये माझे साडूही आहेत. त्यांची सासुरवाडीकडची, मित्रमंडळीकडची पुष्कळ माणसे साक्री तालुक्यात आहेत. जूनमधला माझा निरोप त्यांनी तिकडे पाठवला होता का, हे मी त्यांना आजवर विचारलेले नाही.

आता तुमचे प्रश्न घेतो. चिठ्ठी लिहिणाऱ्याने पहिला विचारावा. जयभीम.